अंगणांतील जुनी स्कूटर

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील जुन्या घरांत डोकावून पाहिलें, तर गोठ्याच्या कोपऱ्यांत, जिन्याखालीं किंवा कडब्याच्या गंजीआड पोत्यानें झांकलेली एखादी स्कूटर पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडते. तिच्या बैठकीवर कोंबड्या बसतात, पुढच्या पत्र्यावर गंज चढलेला असतो, आणि टायरांतील हवा केव्हांच निघून गेलेली असते. घरांतील मोठीं माणसें तिजकडे पाहून “आजोबांची गाडी” एवढेंच म्हणतात. पुढें एके दिवशीं भंगारवाला दारावर येतो, लोखंडाच्या भावानें तिचें वजन होतें, आणि घटकाभरांत तो विषय संपतो. या व्यवहाराविरुद्ध चार शब्द लिहावेत, एवढ्याचसाठीं हा लेख आहे. माझें म्हणणें असें कीं, ज्या घरांत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरानें ती गाडी विकण्यापूर्वीं वर्षभर तरी त्या मुलाच्या हवालीं करावी. चालविण्यासाठीं नव्हे; उघडून पाहण्यासाठीं.

हें वाचतांच पुष्कळ पालकांच्या कपाळास आठ्या पडतील. दहावीची परीक्षा तोंडावर आली असतां हातांस काळें वंगण फांसून घेण्याचा हा उद्योग कशास, असें ते विचारतील. आणि तो प्रश्न अगदींच गैर आहे असें मी म्हणत नाहीं. परीक्षेंतील गुणांवर पुढचा मार्ग अवलंबून असतो, व गरीब घरास तर बहुधा तो एकच मार्ग दिसतो. तथापि मुलांचा वेळ सध्यां कोठें जातो, याचा हिशेब ज्या पालकांनीं एखाद्या रविवारीं मांडून पाहिला असेल, त्यांस माझें उत्तर निराळें सांगावयास नको. मोबाइलच्या कांचेवर बोट फिरविण्यांत जे दोन तास जातात, तेवढेच दोन तास मी मागत आहें. अभ्यासाच्या वेळेस मी हात लावीत नाहीं.

शिवाय हें काम अभ्यासाच्या बाहेरचें आहे, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. विज्ञानाच्या पुस्तकांत विद्युत्-प्रवर्तनाचा धडा असतो. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हा शोध फॅरेडे यानें १८३१ सालीं लावला. मुलें हें वाक्य पाठ करितात, उत्तरपत्रिकेंत लिहितात, आणि सुट्टी लागतांच विसरतात. आतां जुन्या स्कूटरीच्या इंजिनाच्या बाजूचें पंख्याचें झांकण काढून पाहा. आंत एक जड चक्र दिसतें. त्याच्या कडेस आंतल्या अंगानें लोहचुंबक बसविलेले असतात, व त्याच्या पोटांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं स्थिर असतात. किक मारली कीं चक्र फिरतें, वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, आणि तीच पुढें प्लगच्या टोंकाशीं ठिणगी होऊन पडते. बॅटरी मुळींच नसली तरी अशा गाड्या सुरू होत, तें यामुळेंच. ज्या मुलानें हें चक्र एकदां स्वतःच्या हातानें उतरविलें व बसविलें, त्यास तो धडा पुन्हां पाठ करावा लागणार नाहीं.

ही गाडी आली कोठून, हेंही समजून घेण्यासारखें आहे. इटली देशांत पाँतेदेरा म्हणून एक गांव आहे. तेथील पियाज्यो कंपनीचा कारखाना विमानें करीत असे. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावानें तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलें तेव्हां विमानांचा धंदा बुडालेला, रस्ते उखडलेले, आणि लोकांचे खिसे रिकामे, अशी स्थिति होती. अशा वेळीं एन्रिको पियाज्यो यांनीं कोर्रादिनो दास्कानियो नांवाच्या एका अभियंत्याकडे स्वस्त वाहनाची योजना मागितली. हे दास्कानियो विमानविद्येंत मुरलेले होते, आणि मोटारसायकल त्यांस मुळींच आवडत नसे. तिची साखळी कपडे मळविते, चाक पंक्चर झालें तर तें काढणें ही एक शिक्षाच, आणि बसावयाचें तर टांग टाकूनच बसावें लागतें, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. म्हणून त्यांनीं साखळीच काढून टाकली व इंजिन थेट मागच्या चाकाशीं जोडलें. पुढचें चाक विमानाच्या चाकाप्रमाणें एकाच बाजूनें धरलें, म्हणजे तें चटकन् काढतां यावें. गिअर पायाकडून हाताकडे आणला. नळ्यांच्या सांगाड्याऐवजीं पत्र्याचें अंग हाच सांगाडा केला, आणि बसणाऱ्याच्या पायांपुढें मोकळी जागा ठेवली, कीं लुगडें किंवा धोतर नेसलेल्या माणसासही संकोच वाटूं नये. (लुगड्याचा विचार त्यांच्या मनांत नसेल, पण उपयोग आमच्याकडे तोच झाला.) १९४६ च्या एप्रिल महिन्यांत या रचनेचें पेटंट नोंदविण्यांत आलें. तिचें नांव ‘व्हेस्पा’. इटालियन भाषेंत त्याचा अर्थ गांधीलमाशी. मागें फुगीर, मध्यें बारीक, आणि आवाज गुणगुणता, हें पाहिलें म्हणजे नांव किती चपखल बसलें हें कळतें.

आपल्या देशांत बजाज कंपनीनें पियाज्योच्या परवान्यानें १९६० सालापासून या गाड्या करण्यास आरंभ केला. तो करार १९७१ सालीं संपला, आणि पुढच्याच वर्षीं महाराणा प्रतापांच्या घोड्याचें नांव घेऊन ‘चेतक’ बाहेर पडली. साताऱ्यास महाराष्ट्र स्कूटर्स या कारखान्यांत ‘प्रिया’ तयार होत असे. मुंबईंत लॅम्ब्रेटा जुळविली जाई. तिची जात निराळी, पण घराण्याचा काळ तोच. त्या काळीं पैसे हातांत असले म्हणून गाडी मिळत नसे. नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें, कित्येक तर आठ-आठ दहा-दहा वर्षें वाट पाहत. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत स्कूटरीचा नंबर लागला आहे कीं नाहीं, याचीही चौकशी होई. आज जी गाडी आपण किलोच्या भावानें देऊन टाकतों, तिच्यासाठीं कोणी तरी इतकी वाट पाहिली होती, हें मुलांस ठाऊक असावें असें मला वाटतें. बजाज कंपनीनें २००९ सालीं स्कूटरी करणें थांबविलें. चेतक हें नांव २०२० सालीं विजेवर चालणाऱ्या गाडीवर परत आलें.

आणि योगायोग असा कीं, ज्या पियाज्यो कंपनीपासून ही सारी परंपरा निघाली, तिचाच कारखाना बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत उभा आहे. तेथें तीनचाकी गाड्या होत होत्याच. २०१२ सालापासून व्हेस्पाही होऊं लागली. ज्या गांवांत नवी व्हेस्पा घडते, त्या गांवच्या मुलांस जुन्या व्हेस्पाचें पोट माहीत नसावें, ही गोष्ट मला खटकते. इंदापूर तालुक्याची गोष्ट तर याहून जुनी. कळंब गांवाजवळच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनीं गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत साखर कारखाना उभारला. त्या वालचंदनगरांत पुढें साखरेचीं यंत्रें होऊं लागलीं, आणि तेथील कार्यशाळांनीं अणुवीजकेंद्रांसाठीं व अग्निबाणांसाठींही भाग बनवून दिले. म्हणजे यंत्र ही आमच्या भागांत परकी वस्तु नाहीं. उसाच्या फडाला लागूनच ती वाढलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत आरंभ केला तो सायकलींच्या दुकानापासून, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली ती पुढें. प्रत्येक मुलगा किर्लोस्कर होईल असें कोणी म्हणणार नाहीं. पण सायकल उघडण्याची मनाई ज्या घरांत आहे, तेथें तो होण्याचा संभवच नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. मुलांस मुख्य गोष्ट शिकावयाची ती दुरुस्ती नव्हे, तर विचाराचा क्रम. बंद पडलेल्या इंजिनास तीनच गोष्टी हव्या असतात: पेट्रोल, ठिणगी आणि दाब. यांपैकीं कोणती नाहीं, हें आधीं ठरवावें. पाना मागाहून उचलावा. नवशिका मनुष्य नेमका उलट करितो. गाडी सुरू होत नाहीं असें दिसतांच तो प्लग बदलतो, त्याच दमांत कार्बोरेटर उघडतो आणि पॉइंटही घांसतो. मग गाडी सुरू झाली तरी कशानें झाली हें त्यास कळत नाहीं, व न झाली तर तीन ठिकाणीं नवे दोष शिरलेले असतात. एका वेळीं एकच फरक करावा, आणि तो वहींत तारीख घालून लिहावा. प्रयोगशाळेंत आम्ही मुलांस हेंच सांगतों. तेथें तें त्यांना कंटाळवाणें वाटतें, येथें वाटत नाहीं.

दहा-बारा किका मारून प्लग काढावा व पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल आंत पोंचत नाहीं. ओला असेल तर पेट्रोल येतें, पण पेटत नाहीं. एवढ्या एका पाहण्यानें निम्मा शोध संपतो. प्लग कोरडा निघाल्यास टाकीपासून खालीं येत जावें: कॉक, नळी, गाळणी, आणि कार्बोरेटरांतील जेट. जेटचें छिद्र केसाएवढें असतें, व वर्षानुवर्षें सुकलेल्या पेट्रोलाचा चिकटा त्यांत बसतो. तें फुंकून किंवा कार्बोरेटरच्या द्रावणानें साफ करावें. टांचणी खुपसूं नये, कारण छिद्र रुंदावलें कीं गाडी कायमची अधिक पेट्रोल पिऊं लागते. कधीं कधीं गाडी उत्तम सुरू होते, दोन-तीन किलोमीटर जाते आणि आपोआप बंद पडते. दहा मिनिटें थांबलें कीं पुन्हां सुरू. अशा वेळीं सारेजण इंजिनास दोष देतात. खरा दोष टाकीच्या झांकणांत असूं शकतो. झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें म्हणजे पेट्रोल खालीं उतरूं लागतांच टाकींत पोकळी होते, आणि प्रवाह थांबतो. झांकण सैल करून गाडी चालली तर दोष सांपडला. हवेच्या दाबाचा धडा याहून स्वस्तांत कोठें मिळेल?

प्लग ओला निघाल्यास ठिणगी पाहावी. प्लग टोपींत बसवून त्याचें लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावें व किक मारावी. मात्र प्लग त्याच्या भोंकापासून दूर धरावा, कारण तेथून पेट्रोलाची वाफ बाहेर फेकली जाते. ठिणगी निळसर व खणखणीत हवी. ती पिंवळट, मिणमिणती दिसली, तर जुन्या गाड्यांत बहुधा पॉइंट काळे पडलेले असतात, किंवा त्यांतील अंतर बिघडलेलें असतें. प्लगच्या टोंकांतील अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् अधिक ठेवितात; नजरेच्या अंदाजानें हें साधत नाहीं, त्यासाठीं पातळ पात्यांचें माप मिळतें. प्लगचा रंगही बोलतो. बिस्किटासारखा तपकिरी असला तर सर्व ठीक. काळा व तेलकट असला तर पेट्रोल किंवा तेल अधिक. पांढुरका असला तर हवा अधिक, व इंजिन तापत आहे असें समजावें.

दाब पाहण्यास अंगठा पुरतो. प्लगच्या भोंकावर अंगठा धरून किक मारली असतां तो जोरानें उडाला पाहिजे. न उडाला तर रिंगा झिजल्या किंवा सिलिंडर झिजला. हें काम लेथवाल्याकडे न्यावें, घरीं करूं नये. गाडी सुरू होते पण चढास ओढत नाहीं, अशी तक्रार असेल तर सायलेन्सर काजळीनें तुंबला नाहीं ना, हें पाहावें. दोन-धावी इंजिनांत तेल पेट्रोलाबरोबरच जळतें, म्हणून ही काजळी सांचते. चेतकसारख्या गाडीस लिटरामागें सुमारें २० मिलिलिटर तेल पुरतें. अधिक घातलें म्हणजे इंजिनावर अधिक माया केली, असें समजणारे लोक सायलेन्सर तुंबवून घेतात. पांढरा धूर फार येऊं लागला, व गिअरपेटींतील तेल आपोआप कमी होऊं लागलें, तर क्लचच्या बाजूचें तेल-सील गेलेलें असतें आणि इंजिन तें तेल ओढून जाळीत असतें. या गाड्या एका कुशीस कलत्या करून मग किक मारण्याची जी चाल आमच्याकडे होती, तिची थट्टा पुष्कळ झाली आहे. कार्बोरेटरमध्यें पेट्रोल नीट उतरावें म्हणून लोक तें करीत. गाडी नीट ठेवली असतां त्याची गरज पडत नाहीं.

पेट्रोलासंबंधीं एक गोष्ट आमच्याच भागाची आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं देशभर २० टक्क्यांपर्यंत आलें. हें इथेनॉल उसापासून व धान्यापासून होतें. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर या परिसरांतील ऊस-उत्पादकांस त्याचें महत्त्व मीं सांगावें असें नाहीं. परंतु जुन्या स्कूटरीस मात्र तें पचत नाहीं. त्या काळच्या रबरी नळ्या व वायसर इथेनॉलानें फुगतात, मऊ पडतात, आणि त्यांचे कण जेटमध्यें जाऊन बसतात. इथेनॉल हवेंतील पाणीही शोषून घेतें. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर तें पाणी टाकीच्या तळाशीं बसून गंज धरवितें. म्हणजे ज्या उसानें घर चाललें, त्याच उसाचा अर्क आजोबांच्या गाडीची नळी खातो! उपाय अवघड नाहीं. हल्लीं इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात, त्या बसवाव्या. आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

गंजाच्या बाबतींत मात्र आपण कोंकणापेक्षां सुदैवी आहों. आपल्याकडे पाऊस कमी, हवा कोरडी. म्हणून इकडील गाड्यांचा पत्रा बराच शाबूत सांपडतो. तरी पाय ठेवण्याच्या जागेवरील रबर उचलून पाहावें. पाणी तेथें दडून बसतें. टाकी आंतून गंजली असेल तर ती गाडीवरून उतरवून, पेट्रोलाचा अंश पूर्ण धुवून काढून, लिंबूसत्त्वाचें पाणी एक-दोन दिवस आंत ठेवावें. मग धुण्याच्या सोड्यानें विसळून लगेच वाळवावी व आंतून तेलाचा हात फिरवावा. पितळेचीं भांडीं चिंचेनें कां घांसतात, हें आजीस विचारलें म्हणजे यांतील रसायनशास्त्र समजेल.

रंगाविषयीं माझें मत कांहींसें कडक आहे. जुनी गाडी हातीं आली कीं तिला लालभडक रंग, चकचकीत पट्ट्या आणि नवे आरसे लावून वरातींत उभी करण्याची हौस पुष्कळांस असते. त्यास मी जीर्णोद्धार म्हणत नाहीं. कव्हराच्या आंतल्या अंगास किंवा डिकीच्या दाराआड मूळ रंगाचा तुकडा बहुधा शिल्लक असतो. तो पाहून, शक्य तेवढा जुनाच रंग साफ करून ठेवावा. जेथें पत्रा उघडा पडला तेथेंच नवा द्यावा. आजोबांच्या हाताखालीं झिजलेली मूठ, त्यांनीं बाजारपेठेंतून करून घेतलेली पाटी, पडल्याची एखादी पोंचट, या गोष्टी पुसून टाकल्या तर गाडी कोणाचीही होते. कायदाही येथें माझ्या बाजूस आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठीं निराळी नोंदणी सुरू केली. त्यांच्या पाटीवर ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. त्यांत अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत असावी. पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात, व तशी गाडी रोजच्या वापरांत आणतां येत नाहीं. सर्वांस हा खर्च करावा असें मी सुचवीत नाहीं. पण ‘मूळ स्वरूप’ या शब्दांस किंमत आहे, एवढें यावरून दिसावें.

खर्चाविषयीं खरें बोललें पाहिजे. भंगारवाला देतो त्याच्या कित्येक पट खर्च या कामास येतो, आणि दुरुस्त झालेली गाडी विकून तो भरून निघेलच असें नाहीं. दोन-धावी इंजिनाचा धूर आरोग्यास चांगला नाहीं, म्हणून रोज शाळेस किंवा बाजारास जाण्यासाठीं ही गाडी वापरावी, असेंही माझें म्हणणें नाहीं. महिन्यांतून एक-दोनदां वडिलांनीं ती शेताच्या वाटेनें फिरवून आणावी, इतकेंच पुरे.

धोक्याच्या गोष्टी पालकांनीं स्वतः जाणून घ्याव्या. पेट्रोल असलें कीं चूल, उदबत्ती, विजेची शेगडी जवळ नको. बंद खोलींत इंजिन चालवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. जुन्या ब्रेकांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे चाक. या गाड्यांच्या चाकाची रिम दोन अर्धांची असते, व ते अर्ध नटांनीं एकत्र धरलेले असतात. हवा असतांना ते नट सोडले तर दाबानें रिम उसळून माणूस जबर जखमी होतो. व्हॉल्व्ह काढून हवा पूर्णपणें सोडल्याखेरीज त्या नटांस हात लावूं नये, हा नियम गोठ्याच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेवावा. चालविण्याविषयींही तितकेंच स्पष्ट सांगतों: गिअरची गाडी चालविण्यास अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. “आम्हीं दुरुस्त केली, मग एक फेरी मारूं द्या” या विनवणीस पालकांनीं बधूं नये.

मुलींविषयीं वेगळें लिहावें लागतें, याचेंच वाईट वाटतें. बारीक स्क्रू, केबलींची ओवणी, पॉइंटांतील अंतर, हीं कामें नाजूक हाताचीं व धिमेपणाचीं आहेत. आणि हा गुण वर्गांत मला मुलींमध्यें अधिक आढळतो. भावानें गाडी उघडावी व बहिणीनें चहा आणून द्यावा, अशी वांटणी जेथें असेल तेथें निदान एक रविवार ती उलट करून पाहावी.

आणखी एक गोष्ट. हें काम घरीं करावयाचें खरें, पण गुरूवांचून नव्हे. ज्या मिस्त्रींनीं या गाड्यांवर हात काळे केले, ते आतां वृद्ध झाले आहेत. त्यांतील पुष्कळांचीं मुलें निराळ्या धंद्यांत गेलीं, आणि नव्या गाड्यांचे दोष संगणक सांगतो. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखण्याची त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकांत नाहीं. अशा एखाद्या मिस्त्रीस मुलानें ‘काका’ म्हणून हांक मारावी, नमस्कार करून दुकानांत बसावें, पाने पुसून द्यावे, आणि विचारीत जावें. वडिलांनीं त्यांचा मोबदला रोख द्यावा. “जरा पाहून सांगा” म्हणून फुकट काम करून घेण्याची जी आमची संवय आहे, ती येथें नको. ज्या मुलानें मिस्त्रीच्या हातून चार महिने शिकून घेतलें, तो पुढें इंजिनिअर झाला तरी कामगारास ‘अरे’ म्हणणार नाहीं, असा माझा अनुभव आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीस आरंभ करावा. सुटे भाग काढतांना क्रमानें ठेवण्यासाठीं फराळाच्या डब्यांचीं झांकणें उत्तम. प्रत्येक पायरीचें छायाचित्र काढून ठेवावें, मोबाइलचा हा उपयोग मला मान्य आहे. पण त्याही आधीं, पोतें काढण्यापूर्वींच, कागद शोधावेत. नोंदणीपुस्तकावरील इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकाशीं ताडून पाहावा. पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीची नोंदणी तपासणीनंतर पांच-पांच वर्षांसाठीं नवी करून घ्यावी लागते, आणि आजोबा हयात नसतील तर गाडी वारसाच्या नांवावर करावी लागते. हीं दोन्ही कामें बारामतीच्या परिवहन कार्यालयांत होतात, इंदापूरकरांसही तेंच कार्यालय. नोंदणीपुस्तक बहुधा गाडीच्या डिकींत नसतें. तें आजीच्या ट्रंकेंत, लग्नाच्या शालूखालीं, जुन्या सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर घडी घालून ठेवलेलें असतें.